पिंपातली ओहोटी

या पानावरच्या गोष्टी मी नेमाने वाचते. बहुतेक सगळ्या रात्रीच्या असतात. वीज गेलेली, रस्ता सुनसान, कुत्री रडतायत.

माझी गोष्ट तशी नाही.

माझी भर दुपारची आहे. ऊन असं, की अंगणातल्या फरशीवर अनवाणी पाय ठेवता येत नव्हता.

आणि ती खरी आहे. मी चौतीस वर्षं शाळेत शिकवलं. खोटं लिहिणाऱ्या पोराची वही मी तोंडावर परत करायचे. आता अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी मी स्वतः खोटं लिहिणार नाही.

साल २०१२. चैत्र वद्य अष्टमी, शुक्रवार. जागा पनवेलचा कोळीवाडा, खाडीच्या अंगाचं आमचं घर.

आमची खाडी आता चिखलाची झाली आहे. माझ्या लहानपणी बंदरात मचवे लागायचे. कौलं उतरायची, मिठाच्या गोण्या चढायच्या. मी सात-आठ वर्षांची असताना बाबांनी एक जुनी होडी विकत घेतली. तिचा जुना मालक ती स्वतः वल्हवत आमच्या धक्क्याला घेऊन आला. स्वतःच्या हाताने खुंट्याला बांधली. मग बाबांनी ती गाठ सोडली.

मी विचारलं, "बाबा, बांधायची कशाला आणि लगेच सोडायची कशाला?"

बाबा म्हणाले, "शेवटची गाठ त्याची, पयली सोडवन आपली. नायतर होडी त्याचीच ऱ्हाते."

पुढे मशिनं आली. आमच्या आळीत तोच रिवाज मशिनालाही लागला. जुन्या मालकाने मशीन चालू करून स्वतःच्या हाताने शेवटचं बंद करायचं. मग नव्या मालकाने चालू करायची दोरी ओढायची.

हितेश हे सगळं ऐकून हसायचा.

हितेश माझ्या भावाचा मुलगा. भाऊ-वहिनी लवकर गेले, मी लग्न केलं नाही. या घरात आम्ही दोघंच. द्रोणागिरीच्या एका गोदामात तो कामाला होता. ते कंत्राट संपलं. सहा महिने रोज सकाळी कुठल्या ना कुठल्या गेटवर उभा राहून परत यायचा. मग एक दिवस म्हणाला, "आत्या, बास. आता कुणाच्या गेटवर जायचं नाही. होडी घेतो."

मला बरं वाटलं. घाबरलेही. माझ्यामागे या घरात दिवा लावणारा तो एकटा.

उरणकडचा अविनाश नावाचा माणूस फायबरची होडी विकत होता. होडीच्या मागे अडकवायचं आऊटबोर्ड मशीनही होतं. हितेश हुशार. म्हणाला, आधी मशीन घरी आणून टाका, आमचा माणूस उघडून बघेल, सर्व्हिसिंग करेल. मशीन ठीक निघालं तरच होडी घेणार.

गुरुवारी दुपारी टेम्पो आला. मशीन उतरवलं हितेशने आणि टेम्पोवाल्याने; झाकणावर उजवीकडे एक चीर होती. अविनाशने हात लावला नाही. पस्तिशीचा माणूस, अंगाने धट्टाकट्टा. पण लांब उभा राहिला.

मी विचारलं, "तूच चालवायचास ना रे?"

"मी आन भाव मिळून, काकी."

"भाऊ कुठे असतो?"

"बाहेर."

मी त्याला रिवाज सांगितला. म्हटलं, एकदा चालू कर आणि तुझ्या हाताने बंद कर.

"बंदच हाय की, काकी," तो म्हणाला. आणि मशिनाकडे न बघता टेम्पोत जाऊन बसला. पाणीसुद्धा प्यायला नाही.

शुक्रवारी सकाळी दादू आला. दादू साठीचा, बोटींची मशिनं दुरुस्त करण्यात जन्म गेलेला. चौथीत माझ्या वर्गात होता, म्हणून मला अजून बाई म्हणतो.

"बाई, पाढे इचारू नका, बाकी कायपन इचारा," असं म्हणतच तो अंगणात शिरायचा.

मशीन पाण्याशिवाय चालवता येत नाही. त्याला खालून पाणी ओढून स्वतःला थंड ठेवावं लागतं, नाहीतर जळतं. म्हणून दादूने लाकडी घोडा ठोकला, त्यावर मशीन कसलं आणि त्याचा खालचा पाय, पंख्यासकट, लोखंडी पिंपात सोडला. पिंप मी भरलं. नळाचं पाणी. काठापासून चार बोटं खाली.

मग दादू थांबला. मशिनाच्या पुढच्या लाल बटणाकडे बघत राहिला.

"हे बगा शानपन," तो म्हणाला.

बटणाच्या खाली नायलॉनच्या दोरीची एक गच्च गाठ मारलेली होती.

त्याने मला समजावलं. बटणाखाली लाल क्लिप असते. क्लिपला दोरी. ती दोरी चालवणाऱ्याने मनगटात बांधायची. माणूस पाण्यात पडला की दोरीला हिसका बसतो, क्लिप निघते, मशीन जागच्या जागी बंद. पण जाळं सोडताना ती दोरी मध्ये मध्ये अडकते. मग लोक दोरी काढून टाकतात आणि क्लिपच्या जागी अशी गाठ मारतात. मग माणूस पडला तरी मशीन चालूच.

"आन मानूस नसला की हँडल एका बाजूला पडतो, बाई. होडी गोल फिरते. फिरून फिरून तितंच येते."

"कुठे?"

दादूने चाकू काढला. गाठ कापून टाकली आणि पिशवीतली एक जुनी क्लिप तात्पुरती अडकवली.

मग त्याने मशीन कलवून पाय पाण्याबाहेर घेतला आणि पंखा काढला. पंख्यामागे दांड्याला काहीतरी गुंडाळलेलं होतं. अशा ठिकाणी जाळ्याचा तंगूस, म्हणजे नायलॉनचा धागा, अडकतो, हे मलाही माहीत होतं. तंगूस पांढरा असतो.

हे काळं होतं.

दादू चिमट्याने सोडवत गेला. एक वेढा... दुसरा... सातवा.

करगोटा होता. कमरेला बांधायचा काळा दोरा. त्यात जस्ताचा एक लहान ताईत.

हितेशने वाकून ताईत उलटा करून बघितला. मग म्हणाला, "खाडीत काय कमी वाहून येतं का? लोक सगळंच टाकतात."

ते खरंच होतं. मी करगोटा एका वाटीत घालून कट्ट्यावर ठेवला.

दादूने पंखा परत बसवला, पाय पाण्यात सोडला आणि चालू करायची दोरी ओढली. पहिल्या हिसक्यात मशीन चालू झालं. बाजूच्या भोकातून थंडाव्याच्या पाण्याची पिचकारी सुरू झाली. हितेशचा चेहरा असा फुलला, की मलाही हसू आलं.

आणि मग... हँडल सावकाश डावीकडे वळायला लागलं.

कुणी धरलेलं नव्हतं. दादूने सरळ केलं. ते परत वळलं. त्याने स्क्रू आवळला. परत वळलं. सावकाश, जसं कुणी हात सोडल्यावर वळेल.

"बुश घासलेत," दादू म्हणाला आणि लाल बटण दाबलं.

मशीन बंद झालं नाही.

पेट्रोलची नळी काढली तेव्हा कुठे ते गुरगुरत थांबलं. "वायर गंजलीय. उद्या बदलतो," दादू म्हणाला. पण जाताना त्याने त्या दिवशी पाढ्यांचा विनोद केला नाही.

बारा वाजले होते. मी पिंपात डोकावले.

पाणी काठापासून हातभर खाली गेलं होतं.

वाटलं, पिंप गळतंय. भोवती फरशी बघितली. कोरडी ठणठणीत. विचार सोडून दिला आणि जेवायला बसले.

संध्याकाळी सहाला परत बघितलं...

पाणी काठापासून चार बोटं. जसं सकाळी होतं तसं.

कुणी भरलं नव्हतं. नळाला त्या वेळी पाणी नसतं.

आता मी कोळ्याची मुलगी. बाबांनी मला शिकवलं होतं, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमी म्हणजे सहा. सहाला भरती, बाराला ओहोटी. मी बोटांवर मोजलं, मग परत मोजलं.

स्वतःलाच म्हटलं, गंगे, तुझं वय झालं.

शनिवारी, नवमीला, मी घड्याळ घेऊन बसले. शाळेतली लाकडी फूटपट्टी पिंपात बुडवून दर तासाला बघितलं. पावणेएकपर्यंत पाणी उतरत गेलं. मग चढायला लागलं.

रोज पाऊण तास पुढे. खाडीसारखंच.

पिंप अंगणात होतं. चारी बाजूंनी भिंत. खाडी तिथून साठ पावलं लांब.

शनिवारी दादू आला, वायर बदलली, नवी लाल क्लिप आणि दोरी बसवली. मी त्याला पाण्याचं सांगितलं. त्याने पिंपाभोवतीची कोरडी फरशी हाताने चाचपली. मग म्हणाला, "बाई, पोराला सांगा, दुसरा मशीन बगू."

मी सांगितलं. हितेश चिडला. "दुसरं मशीन या किमतीत मिळणार आहे का? आत्या, मी परत गेटवर जाऊन उभा राहू का?"

मी फूटपट्टी पुसून कपाटात ठेवली.

रविवारी हितेश करंजाड्याला ऑइल आणायला गेला. जाताना दादूच्या सांगण्यावरून मशिनाचा प्लग काढून फडक्यात गुंडाळून ठेवला होता. प्लग नसलेलं मशीन चालू होऊच शकत नाही. हे लक्षात ठेवा.

दीड वाजला असेल. मी आत आडवी झाले होते.

पहिल्यांदा जाणवलं ते हे, की कावळे गप्प झाले. शेजारच्या घरातला टीव्ही चालू होता, तोही ऐकू येईना. पंख्याचा आवाज नाही. वर बघितलं, पंखा फिरत होता. आवाज मात्र नव्हता.

मग... लांबून मशिनाचा आवाज आला.

जवळ आला. लांब गेला. जवळ आला. लांब गेला.

कुणीतरी खाडीत होडी गोल फिरवत होतं.

मी दारात आले. खाडी समोर दिसते. पूर्ण ओहोटी. नुसता चिखल, त्यावर बगळे. कागदाची होडी तरंगेल इतकंही पाणी नव्हतं.

आवाज मागून येत होता.

अंगणातून.

मी पिंपापाशी गेले. मशीन गार होतं. प्लगच्या जागी भोक. पाणी तळाला गेलेलं. पण त्या तळाच्या पाण्यात पंखा फिरत होता... सावकाश... आणि पाण्याखालून, डबक्यात तोंड बुडवून कुणी बोलावं तसं, एक माणूस बोलला.

"अव्या... बंद कर..."

मी किंचाळले नाही.  हितेश आला तेव्हा मी कट्ट्याला टेकून बसले होते म्हणे. वाटी हातात घट्ट धरलेली. ती मी कधी उचलली, आठवत नाही.

"ऊन लागलं तुला," हितेश म्हणाला. लिंबाचं सरबत करून दिलं. मग मान खाली घालून म्हणाला, "आत्या, उद्या अविनाश येतोय. त्याला हो म्हणणार. परवा सकाळच्या भरतीला मी एकटाच होडी काढून बघतो."

एकटाच.

रात्रभर मला गोल फिरणारी रिकामी होडी दिसत राहिली.

सोमवारी, एकादशीला, एक वाजता अविनाश आला. फाटकातच उभा. दादूही आला होता; सकाळीच त्याने प्लग परत बसवला होता. मी ठरवलं होतं. म्हटलं, "अविनाश, मशीन घेऊ. पण तू आत यायचं, आणि चालू मशीन तुझ्या हाताने बंद करायचं. त्याशिवाय नाही."

"काकी, हे काय जुन्या बायांचं..."

"तुला घरी अव्या कोण म्हणतं?"

त्याने फाटकाची दांडी धरली.

"कोनी नाय," तो म्हणाला. "आता कोनी नाय."

तेवढ्यात हितेशने लाल दोरी मनगटात अडकवली आणि दुसऱ्या हाताने दोरी ओढून मशीन चालू केलं. "एवढं बंद करणंच ना? हे बघा, दोरीला हिसका दिला की बंद." त्याने हात मागे खेचला.

क्लिप निघाली नाही.

परत खेचला. निघाली नाही. हँडल डावीकडे वळायला लागलं.

"हितेश, दोरी काढ मनगटातून!" दादू ओरडला.

हितेश एकदम वाकला. मला वाटलं, दोरी काढतोय. पण त्याचा हात पिंपात जात होता. कोपरापर्यंत... दंडापर्यंत...

"आत्या, ओढतंय!"

लाल दोरी सैल पडली होती. हे मी डोळ्यांनी बघितलं. दोरीला ताण नव्हता. ओढ खालून होती. आणि खाली पंखा फिरत होता.

मी त्याच्या कमरेला मिठी मारली. दादूने पेट्रोलची नळी उपटली. मशीन थांबलं नाही. बटण दाबलं. थांबलं नाही. पिंपातलं पाणी भराभर उतरत होतं आणि हितेश त्याच्या मागून खाली चालला होता.

"अव्या..."

या वेळी सगळ्यांनी ऐकलं.

अविनाश फाटकात थिजला होता. ओठ हलत होते. "मी पुडं होतो... जाला सोडत होतो... मना तितवर येताच नाय आला..."

आणि मला सगळं समजलं.

"तेव्हा पुढे होतास!" मी ओरडले. वर्गात ओरडायचे तशी. "आता ये मागे! बंद कर, अविनाश!"

तो धावत आला. दोन्ही हातांनी बटण दाबलं आणि त्यावर कपाळ टेकलं.

मशीन थांबलं.

हितेश माझ्यासकट मागे कोसळला. हात शाबूत होता. मनगटावर चार काळेनिळे वळ होते. दोरीचा वळ एक उठतो. चार नाही.

अंगणात फक्त पाण्याचा आवाज राहिला. पिचकारी. बंद मशिनातून, रिकाम्या पिंपातून, ती मिनिटभर वाहत राहिली. मग थांबली. उन्हात फरशी वाळली तेव्हा तिच्यावर पांढरं मीठ उरलं होतं. ते मी दोनदा पुसलं.

अविनाश कट्ट्यावर बसून रडला. भावाचं नाव आनंदा. दोन वर्षांपूर्वी असाच दुपारी मागे मशिनावर होता, तोल जाऊन पडला. होडी गोल फिरून त्याच्यावर आली. एकदा नाही. अविनाश जाळ्यात गुंतला होता, मागे पोचायला वेळ लागला.

"तो पान्यातून वरडत व्हता, अव्या बंद कर," तो म्हणाला. "आन ती गाठ मीच मारलेली, काकी. जाल्यात दोरी अडकते म्हनून."

संध्याकाळी तो मशीन घेऊन गेला. "खाडीत टाकतो," म्हणाला. त्या दिवसापासून पिंपातलं पाणी हललं नाही. हितेशला पुढे खांदा कॉलनीत काम मिळालं. होडीचं नाव त्याने परत काढलं नाही.

गोष्ट इथे संपली असती तर मी लिहिली नसती.

करगोटा माझ्याकडे राहून गेला होता. पंधरा दिवसांनी मी तो घेऊन उरणला आनंदाच्या बायकोकडे गेले. कोमल तिचं नाव. तरणीताठी पोर, मासळी विकून दोन मुली वाढवत होती. म्हटलं, नवऱ्याची खूण आहे, तुझ्याकडे असू दे.

तिने वाटीत बघितलं. हात पुढे केला नाही.

"यो त्यांचा नाय, मावशी. त्यांच्या कंबरंला चांदीची साकली व्हती. ती मना मिलाली. हाय घरात."

"मग हा कुणाचा?"

तिने पदराला हात पुसले.

"मशीन त्यांनीपन जुनाच घेतलावता," ती म्हणाली.

"कुणाकडून?"

"मालक कंदी दिसलाच नाय. कोनीतरी टेम्पोतून आनून टाकला."

मी परत आले. वाटेत बसमध्ये वाटी मांडीवर होती. माझ्या डोक्यात एकच. अविनाशने बंद केलं ते आनंदाचं. त्याच्या आधी जो होता, त्याचं मशीन अजून कुणी बंद केलेलं नाही.

तीन वर्षांनी हितेशने ते मशीन बघितलं. रस्त्याकडेच्या एका भंगारवाल्याच्या दारात. निळा रंग मारलेला, पण झाकणावरची चीर तीच. पाटी लावली होती, चालू स्थितीत. पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं मुद्दाम तिथे गेलो.

विकलं गेलं होतं. कुणाला, ते त्याला आठवत नव्हतं.

म्हणून लिहिते आहे. तुमच्यापैकी कुणी जुनं मशीन घेतलं असेल, झाकणावर उजवीकडे चीर असेल, तर आधी विचारा, हे शेवटचं बंद कुणी केलं.

करगोटा माझ्याकडेच आहे. खाडीत सोडायचा धीर होत नाही, घरात ठेवायचाही नाही. वाटी दक्षिणेच्या खिडकीत ठेवते, जिथे दिवसभर ऊन असतं.

सहा वर्षं झाली.

दोरा अजून वाळलेला नाही.